इटालियन ॲरियाच्या रेकॉर्डिंगची लय, पट्टी आणि भाव कसे ओळखायचे

कुठल्याही इटालियन ॲरियाचं, म्हणजे ऑपेरातल्या एकट्याने गायच्या गाण्याचं, नाव इंटरनेटवर टाकलं की तीन गोष्टी तयार मिळतात: टेम्पो (लय) अमुक बीपीएम, म्हणजे मिनिटाला अमुक ठोके, 'की' (पट्टी) तमुक, मूड 'सॅड'. शॉर्टफिल्मला संगीत लावणारे, नृत्य बसवणारे, कार्यक्रमाचं निवेदन लिहिणारे, पाश्चात्त्य गाणं नुकतंच शिकायला लागलेले, सगळेच हे आकडे उचलतात आणि पुढे जातात. ठेक्यावर बांधलेल्या फिल्मी गाण्याला ते बऱ्यापैकी लागूही पडतात. ऑपेरातल्या गाण्याला मात्र नाही. इथे गायक ओळीओळीला लय ताणतो नाहीतर सैल सोडतो, गाणं सुरू एका पट्टीत होतं आणि संपतं दुसऱ्याच ठिकाणी, आणि भाव तर प्रसंग माहीत असल्याशिवाय हाती लागतच नाही.

हे तिन्ही कानाने काढता येतं. त्यासाठी परीक्षा दिलेली असायला लागत नाही. हार्मोनियमवर एखाद्या गाण्याचा सा तुम्हाला शोधता येत असेल तर निम्मं काम तुम्हाला आधीच येतं. उरलेलं निम्मं कसं करायचं, आणि हिंदुस्थानी संगीत ऐकून तयार झालेला कान नेमका कुठे फसतो, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

उदाहरण म्हणून एकच गाणं घेऊ: 'ऊना फुर्तीवा लाग्रिमा', म्हणजे 'चोरून आलेला एक अश्रू'. गाएतानो डोनिझेत्तीच्या 'लेलिझीर दामोरे' या विनोदी ऑपेराच्या दुसऱ्या अंकात टेनर, म्हणजे उंच आवाजाचा पुरुष गायक, हे गातो. ऑपेराचा पहिला प्रयोग १२ मे १८३२ रोजी मिलानच्या कानोब्बियाना थिएटरात झाला. हे गाणं निवडण्याचं कारण साधं आहे. लय, पट्टी आणि भाव या तिन्ही बाबतींत तयार आकडे कसे चुकतात ते यात स्वच्छ दिसतं, आणि गेल्या सव्वाशे वर्षांतली त्याची रेकॉर्डिंगं सहज ऐकायला मिळतात.

## १. आधी साहित्य जमवा

- बरे हेडफोन. मोबाईलच्या स्पीकरवर खालचे स्वर, म्हणजे बास, जवळजवळ ऐकूच येत नाहीत आणि पट्टी ओळखायला नेमके तेच लागतात.
- हार्मोनियम, कीबोर्ड किंवा मोबाईलवरचा पियानो. कीबोर्डवर ट्रान्स्पोज शून्यावर आहे ना, ते आधी बघा. आपल्याकडे साथीच्या कीबोर्डवर ते हमखास कुठेतरी सरकवून ठेवलेलं असतं.
- टिचकी मारून लय मोजता येईल असं मेट्रोनोम ॲप. नसेल तर घड्याळही चालेल.
- गाण्याचा स्कोअर. पूर्ण ऑर्केस्ट्राचा नको, गायन आणि पियानो असा 'व्होकल स्कोअर' पुरे. कॉपीराइट संपलेले स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत मिळतात.
- इटालियन शब्द आणि त्यांचा ओळीओळीने अर्थ. हा टाळायचा नाही.
- संगणक असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर. त्यात लय, स्वराची उंची आणि एकूण वेग हे तिन्ही वेगवेगळे बदलता येतात. पाचव्या पायरीवर त्याचा उपयोग होईल.
- वही आणि पेन्सिल. आकडे डोक्यात ठेवू नका, ऐकता ऐकता लिहा.

स्टाफ नोटेशन वाचता येत नसेल तरी स्कोअर जवळ ठेवा. त्यातल्या तीनच गोष्टी बघायच्या आहेत: सुरुवातीला वर लिहिलेला इटालियन शब्द, तालाचे दोन आकडे, आणि ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची, म्हणजे स्वर अर्ध्याने चढवण्या-उतरवण्याची, चिन्हं.

## २. कोणतं रेकॉर्डिंग, ते नक्की करा

'ऊना फुर्तीवा लाग्रिमाचा टेम्पो किती?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'अमक्या टेनरने अमक्या वर्षी केलेल्या रेकॉर्डिंगचा टेम्पो किती?' याला आहे. म्हणून आधी वहीत लिहा: गायक, संचालक (कंडक्टर), वर्ष, स्टुडिओ की प्रत्यक्ष प्रयोग, साथीला ऑर्केस्ट्रा की पियानो.

एन्रिको कारूसोचंच बघा. त्याने हे गाणं एप्रिल १९०२ मध्ये मिलानला पियानोच्या साथीने रेकॉर्ड केलं, १९०४ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा पियानोबरोबर, आणि १९११ मध्ये ऑर्केस्ट्राबरोबर. तीन ध्वनिमुद्रणं, तीन वेगळी वयं, आवाजाचे तीन वेगळे पोत. वरून त्या काळातल्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावायची, बारा इंचीवर चार-साडेचार. आज हे गाणं पूर्ण गायला साडेचार-पाच मिनिटं लागतात. म्हणजे जुन्या तबकडीवर गाणं कापलेलं, दोन बाजूंवर विभागलेलं किंवा घाईने उरकलेलं असू शकतं. तसं असेल तर त्या लयीवरून गायकाच्या मनातली लय ठरवता येणार नाही.

वर्ष लिहून ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. डोनिझेत्तीचं संगीत केव्हाच मुक्त झालं असलं तरी रेकॉर्डिंगला स्वतःचा वेगळा कॉपीराइट असतो. भारतात तो प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. फिल्मला संगीत लावणार असाल तर हे आत्ताच तपासा, संकलन झाल्यावर नको.

## ३. लय मोजा, पण गायकावर नाही

गाण्याच्या वर 'लार्गेत्तो' लिहिलेलं आहे आणि ताल सहा-आठ. लार्गेत्तो म्हणजे संथ, पण लार्गोइतकं जड नाही. असे शब्द चालीचा स्वभाव सांगतात, मिनिटाला किती ठोके ते सांगत नाहीत. माल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट १८१५ मध्ये घेतलं आणि पुढे पुचिनीसारख्या संगीतकारांच्या स्कोअरमध्ये नेमके आकडे येऊ लागले. पण जिथे आकडा छापलेला असतो तिथेही गायक तो तंतोतंत पाळत नाहीत.

सहा-आठ मोजणं आपल्याला अवघड जायचं कारण नाही. दादऱ्यासारखेच सहा, तीन-तीनच्या दोन भागांत: एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. पहिल्यावर जोर, चौथ्यावर त्याहून हलका.

आता मोजायचं कसं?

गाणं सुरू होतं ते 'बसून' (bassoon) या खालच्या स्वरांच्या फुंकवाद्यावर. त्याच्याखाली हार्प आणि बोटांनी छेडलेली तंतुवाद्यं आहेत. या साथीवर टिचकी धरा, बसूनवर नाही आणि नंतर टेनरच्या आवाजावर तर मुळीच नाही. गायक एखादा स्वर धरून ठेवतो, पुढचे दोन पटकन उरकतो आणि पुन्हा साथीला येऊन मिळतो. आपल्याकडे बडा ख्याल गाणारा ठेक्याच्या मागेपुढे राहून समेवर येतो तेव्हा लय तबल्यावरून मोजतात, तसंच हे. फरक एवढाच की इथली साथही अधूनमधून गायकासाठी थांबते.

तीस सेकंदांत किती टिचक्या पडल्या ते मोजा आणि दुप्पट करा. समजा चाळीस पडल्या. म्हणजे मिनिटाला ८०, आणि हे ८० सहापैकी एकेका मात्रेचे. तीन मात्रांचा एक मोठा ठोका धरला तर तीच लय मिनिटाला जेमतेम २७ होते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. म्हणून आकड्यासमोर 'मात्रेने मोजले' की 'मोठ्या ठोक्याने मोजले' हे लिहिल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

ॲप इथेच घसरतं. बहुतेक ॲपना मिनिटाला २७ ही लय असू शकते हेच मान्य नसतं. ते दुप्पट करून ५४ सांगतात, किंवा मात्रा पकडून ८०, किंवा त्याचीही दुप्पट १६०. वर ही ॲप ड्रमसारखा ठळक आघात शोधत असतात आणि या गाण्यात असा आघातच नाही. एकाच गाण्याला दोन ठिकाणी अगदी वेगळे आकडे दिसले तर आधी एकाला दुसऱ्याने भागून बघा. उत्तर दोन, तीन किंवा दीड आलं तर भांडण लयीचं नाही, मोजमापाच्या एककाचं आहे.

मोजणी चार ठिकाणी करा:

- बसूनचा सुरुवातीचा तुकडा. इथे लय सर्वांत स्थिर असते.
- टेनरच्या पहिल्या दोन ओळी.
- 'माऽमा, सी, माऽमा', म्हणजे 'प्रेम आहे तिचं, हो, माझ्यावर प्रेम आहे' ही जागा. बहुतेक टेनर इथे रेंगाळतात आणि संचालक त्यांच्यासाठी थांबतो.
- दुसऱ्या कडव्याची सुरुवात.

शेवटच्या ओळीत साथ थांबते आणि टेनर एकटाच मुक्तपणे गातो. त्याला कादेन्झा म्हणतात. तिथे लय नसते, ती जागा मोजणीतून वगळा. ॲप ती वगळत नाही, आणि त्याचा सरासरी आकडा बिघडायला हेही एक कारण आहे.

चार आकड्यांची सरासरी काढू नका. '७४ ते ८४, माऽमापाशी सैल' असं लिहा. नृत्य बसवणाऱ्याला आणि गाणाऱ्याला उपयोग होतो तो याचाच.

## ४. सा शोधा आणि तो हलतो का ते बघा

हा सर्वांत रंगतदार भाग. थोडा वेळ द्या.

पहिली पायरी नेहमीचीच. बसूनचा तुकडा ऐका, जिथे सूर घरी आल्यासारखा वाटतो तो गुणगुणत थांबा आणि पेटीवर शोधा. बरोबर वेगाने वाजणाऱ्या आजच्या रेकॉर्डिंगमध्ये तो काळी पाचवर सापडेल. काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. आता गंधार तपासा. कोमल आहे, म्हणजे काळी एक. धैवतही कोमल. निषाद काही ठिकाणी कोमल आणि सा वर चढताना शुद्ध. पाश्चात्त्य मायनरची, म्हणजे कोमल गंधाराच्या पट्टीची, हीच सवय. कीरवाणी राग ऐकलेल्याला हा शुद्ध निषाद लगेच ओळखू येईल. तर पट्टी ठरली: बी फ्लॅट मायनर. स्कोअरमध्ये ओळीच्या सुरुवातीला पाच फ्लॅट दिसतील, ते याला जुळतात.

इथे थांबलात तर काम अर्धवट राहील. तानपुरा लावला असेल तर आता बंद करा. पहिल्या कडव्याचा पूर्वार्ध संपून 'माऽमा'कडे जाताना गाणं काळी पाच सोडतं आणि काळी एकवर, डी फ्लॅट मेजरमध्ये (मेजर म्हणजे शुद्ध गंधाराची पट्टी), घर करतं. जो स्वर मघापर्यंत कोमल गंधार होता तोच आता सा झाला. आपला कान सा हलणार नाही असं गृहीत धरून ऐकतो. तानपुरा चालू असेल तर तो कान ओढून काळी पाचवरच बांधून ठेवतो, आणि 'काहीतरी उजळलं' एवढंच जाणवून कारण कळत नाही. म्हणून पेटीवर काळी पाच धरून ठेवायची नाही. नुसतं ऐकायचं, ओळ संपली की आवाज थांबवून मनात वाजणारा सा पेटीवर शोधायचा.

दुसरं कडवं पुन्हा काळी पाचच्या मायनरवर सुरू होतं. या वेळी मात्र ते काळी एककडे जात नाही. 'चिएलो, सी पुओ मोरीर', 'देवा, मरण आलं तरी चालेल', इथे सा तोच राहतो आणि गंधार बदलतो. काळी एक जाऊन पांढरी दोन येते. कोमल गंधाराचा शुद्ध गंधार. बी फ्लॅट मायनरचं बी फ्लॅट मेजर. पेटीवर काळी पाच धरून आधी काळी एक आणि मग पांढरी दोन दाबून बघा. सगळ्या गाण्याचा निर्णय या एका स्वरात आहे. डोनिझेत्तीने पहिल्या कडव्यात उजेड दाखवला तो दुसऱ्या घरात जाऊन, आणि दुसऱ्या कडव्यात तो त्याच घरात आणला. ही जागा मला या गाण्यातली सर्वांत मोठी वाटते.

ॲप ही सगळी हालचाल एका शब्दात सांगू बघतं. गाण्यातले स्वर किती वेळा आले ते मोजायचं आणि बारा मेजर, बारा मायनर यांतल्या कोणत्या साच्याशी जुळतं ते बघायचं, ही त्याची साधारण रीत. बी फ्लॅट मायनर आणि डी फ्लॅट मेजर यांचे मूळ सात स्वर एकच. त्यामुळे ॲपने 'डी फ्लॅट मेजर' सांगितलं तर नवल नाही. डीजे लोकांची कॅमेलॉट चक्राची खूण कुठे दिसली तर तिथेही हेच आढळेल: बी फ्लॅट मायनर ३ए, डी फ्लॅट मेजर ३बी. आकडा तोच, अक्षर वेगळं.

नावांचे तीन सापळे इथेच सांगून ठेवतो:

- ॲप फ्लॅटऐवजी शार्प दाखवतात. 'ए शार्प मायनर' दिसलं तर दचकू नका, ती काळी पाचच आहे. छापील स्कोअरमध्ये मात्र तसं सापडणार नाही.
- इटालियन स्कोअरवर किंवा तबकडीवर 'सी बेमोल्ले मिनोरे' असं असतं. इटलीत दो, रे, मी हे आपल्या सा, रे, ग सारखे हलत नाहीत. दो म्हणजे कायम पांढरी एक, सी म्हणजे कायम पांढरी सात. बेमोल्ले म्हणजे फ्लॅट. त्यांच्या दोला आपला सा समजलात तर पुढचं सगळं चुकेल.
- जर्मन आवृत्तीत नुसतं 'बी' म्हणजे बी फ्लॅट. शुद्ध बीला ते 'एच' म्हणतात.

## ५. पेटी आणि रेकॉर्डिंग जुळत नसेल तर

कधी सा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्येच कुठेतरी सापडतो. कधी थेट पांढरी सातवर. कान बिघडला असं समजू नका. चार कारणं असू शकतात, आणि ती याच क्रमाने तपासा.

तबकडीचा वेग. जुन्या तबकड्यांना आपण '७८' म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या त्याच वेगाने कापलेल्या नव्हत्या. मिनिटाला ७३-७४ फेऱ्यांनी कापलेली तबकडी ७८ ने वाजवली की सगळं गाणं अर्ध्या स्वराने चढतं. बी फ्लॅट मायनरचं बी मायनर होतं. आणि लयही त्याच प्रमाणात, सुमारे सहा टक्क्यांनी, वाढते: ८० ची ८५. पट्टी आणि लय एकदम चुकतात, म्हणून हे सर्वांत आधी तपासायचं. ओळखायची खूण आवाजात आहे. आवाज लहान, चिरका वाटतो आणि कंपन घाईचं होतं. तयार गायकाचं कंपन सेकंदाला साधारण ५ ते ७ वेळा असतं. ते फार थरथरतं वाटलं तर वेगाचा संशय घ्या. ऑडॅसिटीत 'वेग' कमी करून सा काळी पाचवर आणा. 'स्वराची उंची' तेवढी बदललीत तर लय चुकीचीच राहील.

स्वरमिलावणीचं माप. आजचं प्रमाण: ए, म्हणजे पांढरी सहा, ४४० हर्ट्झला. ते १९३९ च्या लंडन परिषदेत ठरलं. त्याआधी फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवलं होतं आणि १८८४ मध्ये संगीतकार व्हर्डीने इटलीत ४३२ चा आग्रह धरला होता. गायकांच्या गळ्यावर ताण येऊ नये ही त्याची काळजी होती. या ४३२ भोवती इंटरनेटवर आरोग्याचे जे दावे फिरतात त्यांचा व्हर्डीशी काही संबंध नाही. डोनिझेत्तीच्या काळात तर हे माप शहरागणिक वेगळं होतं. ४४० आणि ४३२ मध्ये फरक अर्ध्या स्वराच्याही सुमारे एक तृतीयांश, म्हणजे पेटीशी नुसतं बेसूर वाटेल एवढाच.

जुन्या मापाची वाद्यं. बरोक काळातलं, म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधलं, गाणं असेल तर आजचे अनेक वाद्यवृंद मुद्दाम ए ४१५ ला लावतात. ते जवळजवळ नेमकं अर्धा स्वर खाली. हँडेलचं 'लाशा कियो पियांगा' स्कोअरमध्ये एफ मेजर, म्हणजे पांढरी चार. अशा रेकॉर्डिंगवर पेटीला पांढरी तीन लागेल. ॲप 'ई मेजर' सांगेल आणि चढ्या पट्टीत शिकलेला विद्यार्थी गोंधळेल. नोंदीत दोन्ही लिहा: 'लिखित एफ, ऐकू येतं ई'.

गायकाने पट्टी बदलली. हे अगदी राजरोस चालतं. पुचिनीच्या 'के जेलिदा मानिना'तला वरचा स्वर झेपत नसेल तर टेनर सगळं गाणं डी फ्लॅटवरून सी मेजरला उतरवतात. व्हर्डीचं 'दी क्वेल्ला पीरा' सी वरून बी ला येतं. बेल्लिनीचं 'कास्ता दीवा' हस्तलिखितात जी मेजर आहे आणि बहुतेक गायिका ते एफमध्येच गातात. शिकणाऱ्यांच्या हातात असतात त्या जुन्या इटालियन गीतांच्या पुस्तकांत तर एकच गाणं चढ्या आणि उतरत्या गळ्यासाठी वेगवेगळ्या पट्टीत छापलेलं असतं. तिथे 'मूळ पट्टी कोणती' यावर वाद घालण्यापेक्षा आपल्या हातातलं पान कोणतं ते बघावं.

फरक साधा आहे. पट्टी उतरवली असेल तर आवाज आणि कंपन नैसर्गिक वाटतात आणि फरक नेमका अर्धा किंवा एक स्वर असतो. वेगाचा घोटाळा असेल तर फरक कितीही असू शकतो आणि माणसाचा आवाजच बदललेला वाटतो.

## ६. भाव ठरवण्याआधी प्रसंग वाचा

काही ऑनलाइन संगीतसेवा गाण्याच्या आनंदीपणाला ० ते १ मधला आकडा देतात. संथ लय, मायनर पट्टी, दाट नसलेली साथ: असं गाणं तळालाच जाणार. 'ऊना फुर्तीवा लाग्रिमा' म्हणून हमखास दुःखी गाण्यांच्या यादीत सापडतं.

आता प्रसंग बघा. नेमोरिनो हा गावातला गरीब, भोळा पोरगा. अदीना शिकलेली, जमीनजुमला असलेली. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, ती त्याला खेळवते. दुल्कामारा नावाचा भोंदू वैदू प्रेमाचं औषध म्हणून त्याला साधी बोर्दो वाइन विकतो. दुसरी बाटली घ्यायला पैसे नाहीत म्हणून नेमोरिनो सैन्यात नाव घालतो. इकडे त्याचा काका वारला आणि त्याला वारसा मिळाला ही बातमी पसरते. ती त्याला माहीत नाही, पण गावातल्या मुली त्याच्याभोवती जमू लागतात. अदीनाला कळतं की याने आपल्यासाठी सैन्यात नाव घातलं. तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते नेमोरिनो बघतो.

म्हणजे गाण्यातला अश्रू त्याचा नाही, तिचा आहे. आणि त्या अश्रूवरून त्याला कळलं आहे की तिचं आपल्यावर प्रेम आहे. जन्मात मिळालेली सर्वांत मोठी आनंदाची बातमी तो स्वतःशीच, जवळजवळ घाबरत, बोलून बघतो आहे. पुढे म्हणतो, एक क्षण तिच्या काळजाचे ठोके ऐकू आले, माझा उसासा तिच्या उसाशात मिसळला, तर आणखी काही मागणार नाही. कोमल गंधाराचा शुद्ध गंधार होतो तो याच ओळींनंतर.

याला 'सॅड' म्हणता येत नाही. 'आनंदी' असा शिक्काही पुरत नाही. मी माझ्या वहीत 'विश्वास बसत नाही असा आनंद, हळू आवाजात' असं लिहितो. तुम्हीही एका शब्दाचा हट्ट सोडा. करुण, शृंगार असे रस वापरायचे तर वापरा, पण एकाच रसाच्या खणात गाणं कोंबू नका.

भाव लिहिताना तीन प्रश्न विचारा. कोण गातंय, कोणाला उद्देशून? गाण्याच्या आधी काय घडलं? आणि गाणाऱ्याला जे माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत आहे का? तिसरा प्रश्न विसरू नका. व्हर्डीच्या 'रिगोलेत्तो'त, जो १८५१ मध्ये व्हेनिसला पहिल्यांदा झाला, ड्यूकचं 'ला दोन्ना ए मोबिले' हे मेजरमधलं, ठसठशीत ठेक्याचं गाणं आहे. कुठलंही ॲप त्याला खुशीचं गाणं म्हणेल आणि सुटं ऐकलं तर ते आहेही. पण ऑपेराच्या शेवटी, ड्यूकच्या खुनाची सुपारी देऊन त्याचं प्रेत समजून पोतं घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या विदूषकाला, रिगोलेत्तोला, दुरून ड्यूकचाच आवाज याच चालीवर ऐकू येतो. तेव्हा त्याला कळतं की पोत्यात दुसरं कोणीतरी आहे. स्वर तेच, पट्टी मेजरच, आणि अंगावर काटा येतो.

मेजर म्हणजे सुख आणि मायनर म्हणजे दुःख हा नियम इटालियन गाण्याला, विशेषतः जुन्या गाण्याला, लावू नका. मघाचं 'लाशा कियो पियांगा' एफ मेजर आहे आणि त्यात कैदेत पडलेली मुलगी 'मला माझ्या नशिबावर रडू द्या' असं म्हणते.

एवढं झाल्यावरच रेकॉर्डिंगकडे परत या. हा टेनर 'माऽमा' कुजबुजतो की जाहीर करतो? शेवटची कादेन्झा साधी ठेवतो की आवाज दाखवतो? बसून मऊ आहे की पुढे आलेला? गाण्याचा भाव आणि या गायकाने काढलेला भाव वेगवेगळ्या ओळींवर लिहा.

## ७. नोंद अशी ठेवा

मी वापरतो तो साचा देतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या रेकॉर्डिंगचे तुम्ही काढा.

- गाणं, ऑपेरा, वर्ष, कोण गातं
- रेकॉर्डिंग: गायक, संचालक, वर्ष, साथ
- ताल आणि लिहिलेला शब्द: सहा-आठ, लार्गेत्तो
- लय: मात्रेने ७४ ते ८४, 'माऽमा'पाशी सैल, कादेन्झा वगळली
- लिखित पट्टी: बी फ्लॅट मायनर, मग डी फ्लॅट मेजर, पुन्हा बी फ्लॅट मायनर, शेवट बी फ्लॅट मेजर
- ऐकू येणारी पट्टी: काळी पाच, पेटीपेक्षा किंचित चढी
- प्रसंग: दोन ओळी
- भाव: गाण्याचा एक ओळ, गायकाचा एक ओळ

पहिल्या वेळी हे करायला एक संध्याकाळ जाते. नंतर हात बसतो. शक्य असेल तेव्हा त्याच गाण्याचं दुसरं रेकॉर्डिंग लगेच शेजारी ठेवून तीच नोंद करा. लय आणि भाव यांत गायकाचा वाटा किती हे एरवी समजत नाही.

## ८. सरावाला पुढची तीन

'ओ मिओ बाब्बीनो कारो', पुचिनी, १९१८. ए फ्लॅट मेजर, म्हणजे काळी चार, आणि ताल पुन्हा सहा-आठ. सा हलत नाही, म्हणून पट्टीला सोपं. प्रसंग मात्र नक्की वाचा. ही विरहिणी नाही, लग्नाला परवानगी मिळाली नाही तर आर्नो नदीत उडी घेईन म्हणून बापाला गळ घालणारी मुलगी आहे, आणि ऑपेरा मृत्युपत्राच्या बनवाबनवीचा, विनोदी आहे.

'ए लुचेवान ले स्तेल्ले', 'तोस्का', १९००. बी मायनर, पांढरी सात. सुरुवातीला चाल क्लॅरिनेटवर आहे आणि टेनर एकाच स्वरावर जवळजवळ बोलतो. लय क्लॅरिनेटवरून मोजायचा मोह होईल, पण क्लॅरिनेटही इथे गायकासारखाच ताणतो. खालच्या तंतुवाद्यांना धरा.

'ला दोन्ना ए मोबिले'. बी मेजर, तीन-आठ, आल्लेग्रेत्तो. मोजायला सर्वांत सोपं, कारण साथ ठोका स्पष्ट देते. ॲपचा आकडा इथे तुमच्या आकड्याच्या नेमका तिप्पट किंवा एक तृतीयांश येतो का ते बघा. दर ओळीच्या शेवटी टेनर वरचा स्वर किती धरतो ते वेगळं लिहा आणि लय फक्त मधल्या भागावरून काढा.